डावा खांब, उजवा खांब आणि वरची दांडी

आबांनी, म्हणजे माझा मित्र मंगेश याच्या वडिलांनी, मला आजवर कधी फोन केला नव्हता. त्यांच्या मोबाइलमध्ये माझा नंबर मंगेशने भरून दिलेला होता, पण तो लावायची वेळ कधी आली नव्हती. काही निरोप असला तर मंगेशच सांगायचा. त्यामुळे त्या सकाळी मी ग्रंथालय उघडून वर्तमानपत्रं काठीला लावत असताना फोनवर आबांचं नाव दिसलं, तेव्हा तो उचलायला मला थोडा वेळ लागला. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला. मग आबा म्हणाले, “मास्तर, मंगेस उठत नाय.” आबांच्या लेखी पुस्तकं सांभाळणारा माणूसही मास्तरच. मी म्हणालो, “झोपू द्या आबा, दमला असेल.” “नाय रं,” ते म्हणाले. “उठत नाय...”

त्यांचं गाव कोन नावाच्या गावाच्या अलीकडे, पनवेलहून रिक्षाने वीस मिनिटांवर. मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं असं त्यांनी सांगितलं होतं. मंगेशने नुकती चाळिशी ओलांडली होती. आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. या दिवसांत त्याच्याबद्दल दोन तऱ्हेची माणसं बोलली. एक, त्याच्याबरोबर मैदानावर खेळलेली. त्यांनी ‘माजी गोलरक्षक’ म्हणून त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहिले आणि गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो खेळातून बाहेर पडला, असं सांगून थांबली. दुसरी, पडद्यावर त्याच्याशी खेळलेली विशी-बाविशीतली मुलं. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याचं खरं नावही माहीत नव्हतं. ती त्याला ‘अंकल’ म्हणत. अंकलनी एकेकाळी खऱ्या गवतावर उड्या मारल्या होत्या, हे त्यांना दंतकथेसारखं वाटायचं. दोन्हीकडच्या माणसांनी मनापासूनच लिहिलं, पण वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ती दोन वेगळ्या माणसांबद्दल लिहीत आहेत. मला तो एकच माणूस म्हणून माहीत होता. त्याचं कारण साधं आहे. मी त्याला कायम पाठीमागून पाहिलं.

आठवीत आम्ही पनवेलच्या शाळेत एका बाकावर आलो. तो एसटीने गावाहून यायचा. त्यांच्या पट्ट्यातल्या गावांत खेळ म्हणजे क्रिकेट. भात कापून झालं की शेतांची मैदानं होतात, दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावात सामने असतात, आणि लाउडस्पीकरवर आगरी बोलीतली कॉमेंट्री दोन गावं पलीकडे ऐकू जाते. मंगेशही क्रिकेटच खेळायचा. पण आमचे पी.टी.चे सर कोल्हापूरचे होते आणि त्यांच्या दृष्टीने क्रिकेट हा उभं राहण्याचा खेळ होता. मंगेशने एकदा मागे धावत जाऊन डोक्यावरून येणारा उंच झेल घेतला तो सरांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याला त्यांनी दोन गंजक्या खांबांच्या मध्ये नेऊन उभं केलं आणि सांगितलं, “आता इथनं पुढं येणारी प्रत्येक वस्तू तुझी.” मला दमा होता, त्यामुळे पी.टी.ला सूट. पण सरांना मोकळा बसलेला मुलगा पाहवत नसे. गोलला जाळी नव्हती, मागे गेलेला चेंडू आणून द्यायला कोणीतरी हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं. मी गोलच्या मागे दगडावर पुस्तक घेऊन बसायचो. मंगेश मान न वळवता ओरडायचा, “ए पुस्तका, बघतोयस का वाचतोयस?” मी म्हणायचो, “दोन्ही.” माझं नाव श्रीधर आहे हे तो पुढे बहुधा विसरून गेला. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा त्याने माझं नाव ‘पुस्तक’ असंच टाकलं होतं.

त्याची एक सवय तेव्हापासूनची. सामना सुरू व्हायच्या आधी तो डाव्या खांबाला हात लावायचा, मग चालत जाऊन उजव्या खांबाला, आणि मग उडी मारून वरच्या दांडीला. मला वाटायचं हा काहीतरी देवाधर्माचा प्रकार असावा. विचारलं तर म्हणाला, “येड्या, गोलकीपरची पाठ असते ना गोलकडे. मागे काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. हाताला माहीत पाहिजे.”

गावात शेतात तो सराव करायचा तेव्हा दोन बांबू रोवलेले असत आणि पाठीमागे भाताचा बांध. आबा गवताचा भारा घेऊन त्या बांधावरून यायचे, जरा टेकायचे, चार चेंडू बघायचे. शाब्बास वगैरे शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. जाता जाता एकच वाक्य टाकायचे. “उजवीकडं लय मोकलं सोडतस.” मंगेश चिडायचा. “ह्यांना फुटबॉलमधलं काय कळतं?” पण दुसऱ्या दिवशी उजवीकडे अर्धं पाऊल सरकून उभा राहायचा.

पुढे तो मुंबईत एका कंपनीच्या संघात लागला, आणि तिथून कोलकात्यातल्या एका व्यावसायिक क्लबात गेला. सहा हंगाम तो तिथे होता. त्यातला बराच काळ राखीव गोलरक्षक म्हणून बाकावर बसण्यात गेला, हे तो स्वतःच हसत सांगायचा. “मी देशातला सगळ्यात चांगला बसणारा खेळाडू आहे,” म्हणायचा. शेवटच्या हंगामात पहिला गोलरक्षक आजारी पडला आणि मंगेशला सलग सामने मिळाले. तेवढे सामने तो फार चांगला खेळला. मग एका सरावात एक सहकारी त्याच्या गुडघ्यावर येऊन आदळला... साधा सराव होता. सामना असता तर निदान सांगायला काही राहिलं असतं.

पहिल्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी आणि आबा दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आबा मध्येच उठले, भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभे राहिले आणि पुटपुटले. कार्ल्याच्या एकवीरा आईला नवस बोलत होते. मला एवढंच ऐकू आलं की नवस पावला तर ते अनवाणी सगळ्या पायऱ्या चढून येतील. नेमकं काय मागितलं ते मी विचारलं नाही. मुलगा आत टेबलावर, बाप बाहेर. गुडघ्याशिवाय दुसरं काय मागणार?

गुडघा बरा झाला नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागलं, जिना चढता येऊ लागला, पण उडी संपली. मंगेश गावी परतला. त्याची बायको सुजाता उरणकडची. ती जासईला एका कंटेनर गोदामाच्या कार्यालयात कामाला आहे. सकाळी ती बसने निघून गेली की हा दिवसभर घराच्या वरच्या खोलीत पाय लांब करून पडून राहायचा. आबा गावात सांगायचे, “पोरगा कोच हाय.” मंगेशने तर मैदानाकडे बघणंच सोडलं होतं. पनवेलला यायचं झालं तर शाळेच्या बाजूचा रस्ता टाळून लांबून यायचा.

त्याच दिवसांत कोलकात्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने त्याला आपलं वापरलेलं गेमिंगचं यंत्र पाठवून दिलं. क्लबच्या दौऱ्यांवर हॉटेलात मुलं त्यावर फुटबॉल खेळत आणि मंगेश प्रत्येकाकडून हरत असे. आता घरी बसूनही तो हरतच राहिला. मी रविवारी दुपारी जायचो, त्याच्या मागे खाटेवर बसून वाचायचो. तो हातात कंट्रोलर घेऊन पडद्याला शिव्या द्यायचा. एका रविवारी मात्र तो माझी वाटच बघत होता. “पुस्तका, मला आज कळलं मी का हरतो ते. ही मॅच बाजूने दिसते! टीव्हीवाल्यांना दिसते तशी. मी उभ्या आयुष्यात कधी बाजूने मॅच पाहिली नाही रे. मी कायम लांबीने पाहिली, गोलमधून.” त्याने कुठलीशी बटणं दाबली आणि पडद्यावरचं मैदान फिरलं. आता आमच्या समोर आपलाच गोल होता, त्याच्या पुढे आपल्या गोलरक्षकाची पाठ, आणि पुढे दूरवर पसरत गेलेलं हिरवं मैदान. असा कोणी खेळत नाही, असं त्याने मला सांगितलं. पण मी हातातलं पुस्तक मिटलं. शाळेतल्या त्या दगडावरून मी वर्षानुवर्षं जे पाहिलं होतं, हुबेहूब तेच ते होतं.

त्यानंतर तो जिंकू लागला. आधी घरबसल्या अनोळखी मुलांशी, मग छोट्या स्पर्धांमध्ये. मुंबईतल्या एका संघाने त्याला घेतलं. तो रोज दुपारी चार वाजता सरावाला बसायचा, घड्याळ लावावं इतका नेमका. एकदा कानाला लावलेल्या हेडफोनमधून एक मुलगा त्याला म्हणताना मी ऐकलं, “अंकल, आप थक गए हो तो बोलो.” मंगेश म्हणाला, “बेटा, तेरे बाप के उमर का डिफेंडर मैंने हवा में उड़ाया है. खेल.” टीव्ही त्याने भिंतीवर मुद्दाम उंच लावला होता. सुजाता वैतागायची, “मान मोडते माझी बघताना.” कारण मला नंतर समजलं. सरावाआधी तो उठायचा, टीव्हीच्या डाव्या कडेला हात लावायचा, मग उजव्या कडेला, मग हात ताणून वरच्या कडेला. वरच्यासाठी ताणावं लागलं नाही तर त्याला चैन पडत नसे.

आणि अशाच एका दुपारी मी ते वाक्य बोललो. सहज बोललो, पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला सुचतं तसं. म्हणालो, “मंगेश, पण हा खेळ नाही. हे खेळाचं चित्र आहे.” त्याने खेळ थांबवला. वळला आणि आपला उजवा तळहात माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवला. उचलला तेव्हा पानावर ओला ठसा होता. “चित्राला घाम येतो का रे?” तो म्हणाला, आणि पुन्हा पडद्याकडे वळला. पुस्तक ग्रंथालयाचं होतं. ते पान अजूनही जरासं फुगलेलं आहे.

मुंबईतल्या एका सभागृहात देशभरातल्या खेळाडूंची स्पर्धा झाली, तेव्हा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. अंतिम सामन्यात दोघांनी एकाच मोठ्या पडद्यावर खेळायचं होतं, त्यामुळे मैदान सगळ्यांना दिसतं तसं, बाजूने. मंगेश एका गोलने हरला. परत येताना कळंबोली आली. तेव्हा तो म्हणाला, “दुसरा. बाजूने बघून दुसरा आलो. वाईट नाही ना?” मी ‘वाईट नाही’ म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण माझ्याकडून त्याला आणखी काहीतरी ऐकायचं होतं हे मला कळलं होतं. मी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सुजाताने गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं की मंगेश फुटबॉलच्या स्पर्धेत देशात दुसरा आला. स्पर्धेच्या नावात फुटबॉल हा शब्द होताच, तिने काही खोटं लिहिलं नव्हतं. पण आमच्याकडे बारशापासून निवडणुकीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा फ्लेक्स लागतो. संध्याकाळपर्यंत गावच्या कमानीवर फ्लेक्स चढला. त्यावर मंगेशचा हातमोजे घातलेला, हवेत आडवा झेपावलेला जुना फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘ढाण्या वाघ पुन्हा मैदानात!’. आबांनी कमानीखाली उभं राहून तो अक्षर अक्षर लावत वाचला. घरी आले, मंगेशसमोर खाली बसले आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “बरा जाला? मना सांगलास पन नाय.”

मंगेश मला म्हणाला, “माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही रे. म्हातारा रडत होता.”

वर खोलीत मुलगा दिवसभर टीव्ही बघत बसतो, एवढंच आबांना माहीत होतं. त्यांना दम लागायचा म्हणून ते जिना चढत नसत. आता त्यांनी जाहीर करून टाकलं की येत्या मंगळवारी कार्ल्याला जायचं, नवस फेडायचा, अनवाणी. पंचाहत्तरीकडे झुकलेला, दहा पावलांवर थांबून श्वास घेणारा माणूस. त्याआधी रविवारी गावच्या क्रिकेट सामन्यांत मंगेशचा सत्कार ठरला. शनिवारी मंगेश माझ्याकडे ग्रंथालयात आला. तो पुस्तकांसाठी कधीच यायचा नाही. “तू सांग आबांना,” तो म्हणाला. “तुला भाषा येते. माझं त्यांच्यापुढे काही चालत नाही.”

मी काय म्हणालो ते लिहायला मला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, “राहू दे ना. ते आनंदात आहेत. देवीला जाऊन येतील, त्यात वाईट काय?”

“खोट्यावर नवस फेडायचा?” तो म्हणाला. “त्या पायऱ्यांवर त्यांना काही झालं तर? आणि नाही झालं तरी... मी काय आयुष्यभर बरा झाल्यासारखा चालू त्यांच्यासमोर?” त्याने कपाटांवरून नजर फिरवली. “एवढी पुस्तकं,” म्हणाला, “आणि एकात पण लिहिलेलं नाही काय बोलायचं ते?”

रविवारी मैदानावर आबा पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पांढरी टोपी घालून बसले होते. मी त्यांच्या मागे होतो. शाल, नारळ, हार सगळं झालं. मग कॉमेंट्री करणाऱ्याला उत्साह आला. त्याने दोन बांबू रोवून घेतले आणि माइकवर सुरू केलं, “आता मंगेस दादूस आपल्याला गोल अडवून दाखवनार! कोन मारतंय गोल? हाय का कोनात दम?” लोक शिट्ट्या वाजवू लागले. मंगेश लंगडत बांबूंपर्यंत गेला. डाव्या बांबूला हात लावला. चालत जाऊन उजव्याला लावला. वर दांडी नव्हती, तरी त्याने हात उचलून रिकाम्या हवेत नेला. मग तो वळला आणि माइक मागितला.

“मंडली,” तो म्हणाला, “फ्लेक्सवर लिवलंय ते खरं नाय. माजा गुडगा हाय तसाच हाय. मी मैदानान खेललो नाय. मी घरान बसून टीवीवर खेलतो. त्या खेलात दुसरा आलो. तुमी मना शाल दिलीव, ती पायजे तर परत घ्या.”

मागून कोणीतरी म्हणालं, “मंजे पोरं मोबाईलवर खेलतात तसा?” आणि हसू पसरलं. दुष्ट नव्हतं ते हसू, पण हसू होतं. आबा उठले. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुला म्हाईत होतं?” मी होकारार्थी मान हलवली. ते कोणाचा हात न धरता बांधावरून घराकडे चालू लागले.

मंगळवारी कार्ल्याला कोणी गेलं नाही. आबा मंगेशशी बोलेनासे झाले. ताट वाढलं की जेवायचे, उठून जायचे. सुजाता म्हणायची, “भाऊजी, भांडले असते तर बरं झालं असतं. हे घर म्हणजे दोन खोल्यांत दोन मुके.” मंगेश मात्र रोज चारला बसत होता. मी विचारलं तर म्हणाला, “एकदा, फक्त एकदा त्यांनी येऊन बघावं. मग शिव्या दिल्या तरी चालतील.” सगळ्या देशात दुसरा आलेला माणूस, पण त्याचं सगळं अडलं होतं ते त्या सतरा पायऱ्यांच्या जिन्यावर.

असे चार-पाच महिने गेले. एका दुपारी गच्चीवरची टाकी भरून पाणी वाहायला लागलं. सुजाता कामावर, मंगेशच्या कानात हेडफोन. खालून हाका मारून आबा थकले आणि शेवटी स्वतःच कठड्याला धरून जिना चढले. टाकीचा नळ बंद केला. परत येताना वरच्या खोलीचं दार उघडं होतं.

पुढचं मला मंगेशने त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, तीन वेळा सांगितलं. सामना संपल्यावर त्याने हेडफोन काढला तेव्हा त्याला दारातून कोणाचातरी श्वास ऐकू आला. आबा चौकटीला टेकून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. पायाखाली टाकीच्या पाण्याचं छोटं थारोळं झालं होतं. ते पडद्याकडे बघत होते, आपल्या गोलकडे, गोलरक्षकाच्या पाठीकडे आणि त्यापुढच्या लांबलचक मैदानाकडे. बांधावरून त्यांना जे दिसायचं तेच. मंगेश काही बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, “उजवीकडं अजून मोकलंच सोडतस तू.” आणि जिना उतरून गेले.

“पुस्तका,” मंगेश फोनवर म्हणाला, “बोलले रे आबा!” तो हसत होता की काय करत होता ते फोनवरून नीट कळलं नाही. “आणि खरं सांगू? मोकळंच सोडत होतो. मी ती मॅच परत लावून बघितली.”

त्यानंतर आबा रोज चारला वर येऊ लागले. खाटेवर बसायचे, रविवारी माझ्या शेजारी. त्यांना नियम कळत नसत, बटणं तर मुळीच नाही. पण कुठे मोकळं सुटलंय ते त्यांना मंगेशच्या आधी दिसायचं. “आलं, आलं, तुज्या डाव्या अंगाला आलं!” असं ते ओरडायचे, आणि हेडफोनमधून मुंबईचा एखादा मुलगा विचारायचा, “अंकल, पीछे कौन है? कोच है क्या?” मंगेश म्हणायचा, “हाँ. बहुत पुराना.”

पुढच्या चैत्राच्या आधी आबांनी एका दुपारी सांगितलं, “कार्ल्याला जायाचं. नवस ऱ्हायलाय.” मंगेशने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाला, “आबा, पाय कुठे बरा झालाय? कसला नवस?” आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी साधी गोष्टही त्याला समजू नये. “पायाचा कवा केलता मी?” ते म्हणाले. “पोरगा खेलत ऱ्हावा म्हून केलता. खेलतस ना?”

दवाखान्यात मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. इतकी वर्षं मी, मंगेशने, सगळ्यांनी तो नवस गुडघ्याचा धरला होता. आबांनीसुद्धा मधले ते चार-पाच महिने तसाच धरला असावा, असं मला कधी कधी वाटतं. त्यांनी तो आठवून पाहिला असेल, नेमके शब्द काय होते ते. काहीही असो. आम्ही तिघं गेलो. आबा अनवाणी, काठी घेऊन. मंगेश एकेक पायरी दोन्ही पाय टेकत. आबांना दम लागला की मंगेश थांबायचा, मंगेशचा गुडघा दुखला की आबा थांबायचे, आणि आपल्यामुळे थांबावं लागलं हे दोघंही कबूल करत नव्हते. “मास्तर दमला, बसूया,” असं दोघंही म्हणायचे. मी त्या दिवशी खूप वेळा दमलो. वर पोचायला आम्हाला अर्धा दिवस लागला. उतरताना मंगेश हळूच मला म्हणाला, “काय रे, चित्र म्हणाला होतास ना तू?” मी म्हणालो, “चुकलो होतो.” “एवढंच ऐकायचं होतं,” तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर सगळा भार टाकून पुढची पायरी उतरला. माझ्याकडून हे एवढं तरी वेळेवर बोलून झालं, याचं मला आता बरं वाटतं.

त्यानंतर त्याला जेमतेम दीड वर्ष मिळालं.

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. सवयीने पुस्तक बरोबर घेतलं होतं. सुजाता भाकऱ्या करत होती. “आबा वर आहेत,” ती म्हणाली. “रोज जातात चारला. मला ती खोली पुसू देत नाहीत.” हायवेच्या आणि चारी बाजूंच्या बांधकामांच्या धुळीने आमच्याकडे दोन दिवस फडकं फिरवलं नाही तर घर राखाडी होतं. वरच्या खोलीत सगळ्यावर धूळ होती. खाट, टेबल, कंट्रोलर, खुंटीवरचे जुने हातमोजे. टीव्ही बंद होता, त्याच्या काळ्या काचेवरही धूळ होती. फक्त त्याच्या डाव्या आणि उजव्या कडेला, डोक्याच्या उंचीवर, तळहाताएवढा एकेक तुकडा स्वच्छ, काळा, चकचकीत होता.

आबा खाटेवर बसले होते. चार वाजायला आले तसे ते काठी टेकत उठले. डाव्या कडेला हात लावला. दोन पावलं चालत जाऊन उजव्या कडेला लावला. मग मान वर करून बघत उभे राहिले. वरच्या कडेवर धुळीचा जाड थर बसला होता, सहा आठवड्यांचा.

“वरचा ऱ्हातो रोज,” ते म्हणाले. “माजा हात नाय पोचत. त्याने मेल्याने उंच लावलाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तू लाव.”

मी हातातलं पुस्तक खाटेवर ठेवलं, टाचा उचलल्या आणि हात ताणला.